ढब्बू पैसा, शिवराई आणि करकरीत नोटा: जमवायला सुरुवात करताय तर आधी चिंच बाजूला ठेवा

आमच्या सांगलीच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या ताटात एक तांब्याचं जाड नाणं असायचं. आजी त्याला नुसतं "देवाचा पैसा" म्हणायची आणि दर दिवाळीला चिंच लावून, वर रांगोळी टाकून असं घासायची की त्यात तोंड दिसावं. मी आठवीत असताना म्हटलं बघू तरी काय लिहिलंय, तर काहीच नाही, एका बाजूला 'श्री'ची वेलांटी तेवढी राहिलेली आणि दुसऱ्या बाजूला एक आडवी रेघ. शिवराई होती ती, शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं. दोन-तीन पिढ्यांनी मिळून आम्हीच ती पुसून टाकली.

तर पहिलं काम हेच, हातात जुनं नाणं आलं की घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, टूथपेस्ट नाही, पितळ घासायची पावडर तर अजिबात नाही. तांब्यावर जो काळपट चॉकलेटी थर बसतो तो घाण नसतो, तेच नाण्याचं चिलखत असतं आणि जमवणारे लोक त्याचेच पैसे देतात. फारच माती असेल तर साध्या पाण्यात, शक्यतो डिस्टिल्ड, रात्रभर ठेवा आणि मऊ कापडाने टिपून घ्या, टिपून म्हणतोय, पुसून नाही. चकचकीत केलेलं नाणं जाणकार माणूस लांबूनच ओळखतो आणि परत ताटात ठेवून देतो.

आता सुरुवात कुठून करायची. लोक मला विचारतात दुर्मिळ नाणं कुठे मिळेल, मी म्हणतो आधी घरातला डबा उघडा. आजीचा बटव्याचा डबा, देवघराचा खण, शिलाई मशीनचा ड्रॉवर, शेतातल्या खोलीतली कोनाड्यातली पत्र्याची पेटी. हमखास निघतो तो भोकाचा पैसा, १९४३ ते १९४७ या काळातला, युद्धामुळे धातूची टंचाई होती म्हणून मधे भोक पाडून काढलेला, आणि लोक इतके हुशार की तो वायसर म्हणून वापरायचे, त्यामुळे बऱ्याच पैशांवर नट आवळल्याचे ओरखडे असतात. मला तर असा ओरखड्याचाच जास्त आवडतो. मग निघतात नये पैसे. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली, हे शब्द पोरांना आता फक्त "चवली-पावली" अशा बोलण्यात माहीत. लोकांचा घोळ होऊ नये म्हणून नवीन नाण्यावर 'नया पैसा' आणि 'रुपये का सौवां भाग' असं लिहिलेलं होतं, मग १९६४ मधे 'नया' शब्द काढून टाकला.

डब्यात काहीच निघालं नाही तरी नाराज होऊ नका, खिशातल्या दहाच्या नाण्यापासून सुरू करा. हे मी सिरियसली सांगतोय. आपल्याकडे कुठल्यातरी दुकानात "दहाचा कॉइन चालत नाही" ऐकलेलं आहेच तुम्ही, रुपयाचं चिन्ह असलेला खरा का नसलेला खरा यावर एसटी स्टँडवर भांडणं झालेली मी बघितलीत. जानेवारी २०१८ मधे रिझर्व्ह बँकेने स्वतः सांगितलं की तोपर्यंत दहाच्या नाण्याची १४ डिझाइन काढली आणि चौदाच्या चौदा चालतात. म्हणजे लोकांच्या भांडणात तुमचा फुकटचा पहिला सेट आहे बघा. होमी भाभांचं, वैष्णोदेवीचं, संसदेच्या साठ वर्षांचं, कॉयर बोर्डाचं, गांधीजी आफ्रिकेतून परतल्याच्या शंभर वर्षांचं, योग दिनाचं, बाबासाहेबांच्या सव्वाशेव्या जयंतीचं, असं एकेक शोधत बसा. किराणावाल्याला सांगून ठेवा, तो कंटाळलेलाच असतो दहाच्या नाण्यांना, आनंदाने डबा पुढे करतो.

हे करता करता वर्षाच्या आकड्याखाली बघायची सवय लावा. बारीक चौकट म्हणजे हिरा असेल तर मुंबई टांकसाळ, चांदणी असेल तर हैदराबाद, गोल टिंब असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. एवढं कळलं की एकाच वर्षाच्या एकाच नाण्याचे चार भाऊ होतात आणि तुमच्या डोक्याला किडा लागला म्हणून समजा. शाळकरी पोरांना लावायचं असेल तर १९९९ चं छत्रपती शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं द्या हातात, आणि २००७ च्या सालचं लोकमान्य टिळकांचं पाच रुपयांचं. महाग नाहीत, पण पोरगं रात्री उशाशी घेऊन झोपतं.

पाचच्या नाण्यावरून आठवलं, जुनं जाड पाचचं नाणं नऊ ग्रॅमचं होतं, तांबं-निकेलचं, आणि ते बांगलादेशात नेऊन त्याची दाढीची ब्लेडं करतात अशा बातम्या तेव्हा पेपरात यायच्या. नंतर नाणं स्टीलचं झालं, हलकं झालं. असे किस्से नाण्याच्या मागे चिठ्ठीवर लिहून ठेवा, त्याचीच मजा.

शिवराई

साताऱ्या-सांगलीकडे राहून शिवराई नाही जमवली तर काय जमवलं राव. शिवाजी महाराजांनी १६७४ ला राज्याभिषेक केला तेव्हापासूनची ही परंपरा, एका बाजूला तीन ओळीत 'श्री / राजा / शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र / पति', कडेला ठिपक्यांचं वर्तुळ. पण एक गैरसमज आधी काढून टाका. घराघरात सापडते ती प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. पुढे शाहू महाराजांच्या, पेशव्यांच्या काळात आणि त्यानंतरही शिवराया पडतच राहिल्या, म्हणून तर त्या इतक्या सापडतात. 'छत्र' आणि 'पति' च्या मधे दोन समांतर रेघा असतील तर ती दुदांडी, ती उशिराची आणि सगळ्यात कॉमन. कोणी दुदांडी दाखवून "महाराजांच्या हातची" म्हणत आकडा फोडायला लागला तर हसून चहा पाजा आणि निघा.

वाचताना आणखी एक गंमत. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पूर्ण अक्षरं एका नाण्यावर क्वचित मिळतात. कुठे 'श्री' गेलेला, कुठे 'शिव' चा नुसता 'शव' झालेला, कारागिराने वेलांटीच दिली नाही. म्हणून एकच शिवराई घेऊन भागत नाही, पाच-सहा शेजारी शेजारी ठेवा, मग ठसा डोळ्यासमोर पूर्ण होतो. उजेड समोरून नको, बॅटरी आडवी धरा, झिजलेलं अक्षर सावलीने उठून येतं. मी आजीच्या नाण्यावर हा प्रयोग किती वेळा केला असेल, वेलांटीच्या पुढे गाडी काही सरकली नाही.

सोन्याचा शिवराई होन कोणी दाखवला तर हात खिशात घट्ट. अस्सल होन हाताच्या बोटावर मोजावेत इतकेच माहीत आहेत आणि नकली मात्र पायलीला पन्नास.

चांदीचा रुपया आणि तोळाकाटा

राणीछाप, राजाछाप रुपया बहुतेक घरात एखादा तरी असतो. १८३५ पासूनचा कंपनीचा आणि नंतरचा राणीचा-राजाचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोब्बर एक तोळा, म्हणून तर सराफकट्ट्यावर "रुपयाभार" हा शब्द आला. यावरून तुमचं पहिलं हत्यार ठरतं ते म्हणजे दशांशाच्या पुढे दोन घरं दाखवणारा छोटा डिजिटल काटा, आणि दुसरं लोहचुंबक. झिजून रुपया अकरा सव्वाअकरा भरला तर समजू शकतो, पण साडेदहा किंवा साडेबारा भरला तर गडबड आहे. १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी जवळजवळ ९२ टक्के, १९४० पासून निम्मी, आणि १९४७ चा तर निकेलचाच, तो चुंबकाला चिकटतो. मागे वाघ असलेला १९४७ चा रुपया चिकटला म्हणून खोटा समजून फेकू नका, तो चिकटायलाच पाहिजे! उलट व्हिक्टोरिया राणी चिकटली तर मात्र ती राणी नव्हे.

व्हिक्टोरियाच्या रुपयात आधी 'क्वीन' असतं आणि १८७७ पासून 'एम्प्रेस'. आणि १८६२ साल लिहिलेले रुपये एवढे का सापडतात तर पुढची कित्येक वर्षं ठशावर तेच साल ठेवून रुपये पाडले, फरक कळावा म्हणून बारीक ठिपके दिले, ते ठिपके मोजत बसणारी माणसं आहेत आमच्यात, संसार करून. पंचम जॉर्जच्या १९११ च्या रुपयाचा किस्सा तर भारी, राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंबाबोंब झाली आणि १९१२ ला हत्तीची सोंड सुधारून घ्यावी लागली. १९३९ चा रुपया दुर्मिळ, म्हणून १९३८ च्या आठाला कोरून नऊ केलेले फिरतात, तो आकडा भिंगाखाली बघितल्याशिवाय रुपया सुद्धा काढू नका. आणि माळेतला, कडी लावलेला रुपया असेल तर तो दागिना, संग्रहात त्याला चांदीच्या भावाच्या वर फार कोणी देत नाही.

आपल्या जिल्ह्याची इथे एक वेगळीच गोष्ट आहे. विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलीत, सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. माझा एक मित्र त्यातलाच, उत्तरेत दुकान आहे. तो म्हणतो मोड म्हणून आलेल्या पिशवीत जुने रुपये इतके असायचे की कोणी वरची तारीख बघायचं नाही, डायरेक्ट मुशीत. आता तो बघतो. वेगळं काही दिसलं की फोटो पाठवतो, मी तेवढ्याच वजनाची चांदी देतो आणि नाणं वाचतं. तुमच्या नात्यात कोणी गलाईवाला, सराफ, भंगारवाला असेल तर त्याच्याशी गोड बोला, पुस्तकापेक्षा जास्त कामाला येईल.

नोटा

नोटांचं शास्त्र वेगळं. इथे घडी म्हणजे पाप. करकरीत, कोपरे टोकदार, घडी नाही अशी नोट म्हणजे यूएनसी (अनसर्क्युलेटेड, कोणी वापरलेलीच नाही अशी), बाकी सगळं खालच्या पायरीवर. फक्त एक सवलत, पूर्वी बँका गड्ड्यांना पिना मारायच्या म्हणून जुन्या कोऱ्या नोटेला डाव्या बाजूला पिनांची भोकं असतातच, ती सगळे चालवून घेतात. चिकटपट्टी लावायची नाही, लॅमिनेशन तर करूच नका, एका काकांनी सहाव्या जॉर्जची नोट लॅमिनेट करून फ्रेममधे लावली होती, मला दाखवताना केवढे खूश, मी काय बोलणार.

सुरुवात एक रुपयाच्या नोटेने करा. तिच्यावर 'भारत सरकार' असतं, सही गव्हर्नरची नसते तर अर्थ सचिवाची, आणि 'मैं धारक को' वगैरे वचन नसतं, कारण कायद्याच्या नजरेत ती नोट नसून नाणंच आहे. १९९४ ला छपाई बंद केली आणि २०१५ ला परत सुरू केली. मग सह्या जमवा. मनमोहन सिंग अर्थ सचिव होते तेव्हाची त्यांची सही एक रुपयाच्या नोटेवर आणि १९८२ ते ८५ गव्हर्नर होते तेव्हाची मोठ्या नोटांवर, पुढे हाच माणूस पंतप्रधान झाला, अशी जोडी पानावर लावली की घरच्यांनाही इंटरेस्ट येतो. आपले कोकणातले सी. डी. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९४३ ते ४९, त्यांची सही असलेली सहाव्या जॉर्जची नोट मिळाली तर घ्याच. नोटेच्या मागे भाषांची जी पट्टी असते त्यात मराठी वरून आठवी, हे पाहुण्यांना विचारायला बरं असतं, कोणाला सांगता येत नाही.

नंबरात अक्षरांच्या पुढे चांदणी दिसली तर ती स्टार नोट, छपाईत एखादी नोट खराब निघाली की तिच्या जागी टाकलेली, २००६ पासून दहा, वीस, पन्नासच्या नोटांत सुरू झालं. लोक हिला नकली समजून परत करतात, तुम्ही घ्या. मागे खाली छपाईचं वर्ष असतं ते २००५ पासून, तेही बघा.

७८६, सगळे एकसारखे आकडे, १२३४५६, उलटसुलट सारखा वाचता येणारा नंबर, वाढदिवसाचा नंबर, याला फॅन्सी म्हणतात आणि शौकीन थोडे जास्त पैसे देतात. थोडे. मोबाईलवर जे व्हिडिओ येतात ना, गेंड्याचं पंचवीस पैशाचं नाणं दीड लाखाला, वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं दहा लाखाला, ते सगळं थापा. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना असाच फोन आला, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा मग जीएसटी भरा असं करत करत बाईंचे काही हजार गेले आणि नाणं अजून त्यांच्याच डब्यात आहे. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीसाठी आमच्या नावाने कोणी फी मागितली तर देऊ नका असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मधे जाहीर सांगितलंय. घेणारा माणूस पैसे देतो, मागत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

तसंच राम-सीता, हनुमान असलेलं 'ईस्ट इंडिया कंपनी १८१८' वगैरे लिहिलेलं तांब्याचं मोठं नाणं. यात्रेत, जत्रेत ढिगाने मिळतं. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. आणि तेच नाणं तांदूळ ओढतं म्हणून कोट्यवधीच्या गप्पा मारणारी टोळी आली तर सरळ पोलीस स्टेशन गाठा.

चुकलेली नाणी हा अजून एक नाद. कुठे ठसा सरकलेला असतो, कुठे एकाच बाजूची छाप दुसऱ्या बाजूला उलटी आणि आत दबलेली, या दुसऱ्याला बाजारात 'लखी' म्हणतात. पण दोन्ही बाजूला सरळ छापा असलेलं नाणं दाखवलं तर कडेला नख फिरवा, बहुतेक वेळा दोन नाणी घासून चिकटवलेली असतात, जोड लागतो.

ठेवायचं कुठे

इथे मी स्वतः मार खाल्लाय म्हणून जरा लांबवतो. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं, आम्ही गावभागात, दरवेळी येतं तेवढंच येईल म्हणून टीव्ही, फ्रिज वर चढवला, गहू वर चढवला आणि अल्बमची पेटी पलंगाखालीच विसरली. चार दिवसांनी उघडली तर नोटांची वीट झालेली. घाईने एक ओढली ती फाटली. मग एका जाणत्या माणसाने फोनवर सांगितलं, ओढू नको, वाळवू पण नको, स्वच्छ पाण्याच्या ताटात ठेव आणि आपोआप सुटतील तशा सोडव, मग टीपकागदात घालून वर जड पुस्तकं ठेव. नोटेचा कागद कापसाचा असतो, म्हणून बऱ्याच वाचल्या. इस्त्री मात्र करू नका, मी दोन नोटांवर केली, चकाकी आली आणि जीव गेला.

आता पेटी माळ्यावर. नाण्यांना चौकोनी पुठ्ठ्याचे होल्डर, मधे पारदर्शक खिडकी असलेले, आणि पिना मारल्या की पक्कडने दाबून सपाट करा नाहीतर शेजारचं नाणं ओरखडतं. वासाची मऊ प्लास्टिकची पाकिटं, पीव्हीसीची, वापरू नका, दोन-तीन पावसाळ्यात नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. सिलिका जेलच्या पुड्या टाका, महाबळेश्वर-जावळी बाजूला राहत असाल तर डबल टाका आणि दर महिन्याला बदला. नाणं नेहमी कडेने धरायचं, खाली रुमाल अंथरून. भडंग खात खात तर मुळीच नाही.

माणसं

हा नाद एकट्याचा नाही. आमचा रविवारचा कट्टा आहे, सात-आठ जण, एक निवृत्त गुरुजी, एक मेडिकलवाला, एक कॉलेजची पोरगी जी फक्त परदेशी नोटांवरचे पक्षी जमवते, एक हळदीचा व्यापारी ज्याला फक्त भोकाचीच नाणी पाहिजेत, जगातली कुठलीही. चहा होतो, डबल झालेली नाणी निघतात, अदलाबदल होते. काही रीत आहे. दुसऱ्याचं नाणं विचारल्याशिवाय उचलायचं नाही. चार लोकांत "केवढ्याला घेतलं" विचारायचं नाही. नवीन पोराला जास्त भाव लावून गंडवलं तर कट्ट्यावर परत बोलावत नाहीत, असा एक गेला, आता तो दुसऱ्या गावात धंदा करतो म्हणे. आणि आपल्याकडे काय काय आहे याचे फोटो घराच्या पत्त्यासकट कुठेही टाकायचे नाहीत.

पण खरी कमाई म्हणजे म्हातारी माणसं. गुरुजींच्या आई नव्वदीच्या पुढच्या, त्यांच्या हातात चवली दिली तर त्यांनी डोळे मिटून बोटाने कडा चाचपली आणि "दोन आणे" म्हणाल्या. नाण्यांचे आकार वेगवेगळे का असायचे हे मला त्या दिवशी कळलं, पुस्तकात वाचलं होतं पण कळलं तेव्हा. अशा माणसांकडे नाणी मागायला जाऊ नका, नाणी घेऊन जा.

बाहेर बघायचं असेल तर मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे, त्र्यंबकेश्वरला जाताना वाटेतच, घरच्यांना देवदर्शन आणि आपल्याला नाणी.

कायद्याचं थोडक्यात. पाया खणताना, नांगरताना हंडा लागला तर तो आपोआप आपला होत नाही, १८७८ चा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं, आणि असा माल कोणी गुपचूप विकायला आणला तर घेऊ नका. शंभर वर्षांवरचं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही. २०१६ ला बंद झालेल्या पाचशे-हजारच्या नोटा आठवण म्हणून दहापर्यंत आणि अभ्यास किंवा संग्रहासाठी पंचवीसपर्यंतच ठेवता येतात, जास्त असतील तर दंड आहे.

शेवटी एक वही करा. शंभर पानी, साधी. नाणं कुठून आलं, कोणी दिलं, वजन किती, काय वाचता येतं, केवढ्याला घेतलं, सगळं. माझ्या वहीत पहिलीच नोंद आजीच्या शिवराईची आहे, "अक्षर: वेलांटी". दिवाळीला ती अजून ताटात जाते, फक्त चिंच लावत नाही आता. आईला काही ते पटलेलं नाही, दरवर्षी म्हणते, लक्ष्मी अशी काळी ठेवून कोणी पूजा करतं का.